निळ्या कोर्टातला पहिला पुकारा

४ सप्टेंबर २०१६ रोजी सकाळी सव्वानऊ वाजता एलमी रोब्लेच्या मोबाईलवर १८४ डॉलर जमा झाले. हा त्याचा पहिला सरकारी पगार. तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्याआधी त्याने उंटांचे सौदे जुळवून दिले, बंदरावर सिमेंटची पोती मोजली आणि मधली सात वर्षं काहीच केलं नाही. त्या सात वर्षांत बुरधेर गावात बंदूक उचलण्याचं एकच काम मोकळं होतं आणि ते त्याने घेतलं नव्हतं.

त्याने मोबाईल बायकोला दाखवला. दाहाबो तव्यावर अंजेरोची धिरडी घालत होती. तिने पीठ गोल फिरवणं न थांबवता विचारलं, "कुणी पाठवले?"

"सरकारने."

"कुठल्या?"

"आपल्या."

"आपलं सरकार मला उधार साखर देत नाही, तुला डॉलर कुठून देणार?"

तिचं चुकलं नव्हतं. कोर्टाच्या शिपायाचा पगार, कोर्टाची इमारत, एलमीच्या अंगावरचा खांद्यात चार बोटं मोठा असलेला गणवेश, सगळं एका परक्या देशाने दिलं होतं. त्या देशाने कोर्टाच्या फाटकाला निळा रंग लावला होता, म्हणून गावाने त्यांना 'निळे' हे नाव पाडलं. समोरची पोलीस चौकी दुसऱ्या एका परक्या देशाने बांधली होती. तिचं फाटक पांढरं, म्हणून ते 'पांढरे'. निळे आणि पांढरे एकमेकांशी बोलत नसत. निळ्यांनी कायद्याची पुस्तकं आणली, पांढऱ्यांनी गाड्या आणि बुटांचे जोड आणले. दोघांनी शिकवलेले सलामसुद्धा वेगळे होते. कोर्टाचा पहारेकरी हात कपाळाला लावायचा आणि चौकीचा हवालदार छातीला. या दोन फाटकांच्या मध्ये जो तीस पावलांचा धुळीचा रस्ता होता, त्याला दोघेही आपापल्या कागदावर 'राज्य' म्हणत.

निळ्यांचा साहेब दर सहा महिन्यांनी बदलायचा. नाव पाठ होईपर्यंत तो निघून जायचा, त्यामुळे गावाने सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवलं होतं, 'नवा'. नवा आला, नवा गेला, नव्याने सांगितलंय, असं बोललं जाई. आमच्याकडे टोपणनावाशिवाय माणूस पुरा होत नाही. एलमीला गाव 'फुरे' म्हणे, म्हणजे किल्ली, कारण कोर्टाच्या अकरा किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला असायचा.

नोकरी देताना निळ्यांनी सातही कर्मचाऱ्यांकडून एका कागदावर सही घेतली होती. मी माझ्या भावकीच्या फंडाला पट्टी देणार नाही आणि त्या फंडातून काही घेणार नाही, असा तो मजकूर. निळ्यांपैकी कुणीतरी शोध लावला होता की या देशात राज्य उभं राहत नाही ते या भावकीमुळे. कुणी कुणाला मारलं, कुणाचं हाड मोडलं, की दोन्हीकडचे जुनेजाणते बाभळीखाली बसतात, उंट ठरवतात, आणि ते उंट गुन्हेगार एकटा देत नाही, त्याची सगळी भावकी मिळून देते. मग कोर्टाकडे कोण येणार? तेव्हा आधी ही पट्टी बंद करा.

सात जणांनी सह्या केल्या. त्यातल्या सहा जणांनी पुढच्याच शुक्रवारी नमाजानंतर आपापल्या भावकीची महिन्याची तीन डॉलरची पट्टी नेहमीसारखी भरली. त्यात त्यांना काही खोटेपणा वाटला नाही. पाहुण्याने मागितली म्हणून सही दिली, पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. एलमीने मात्र पट्टी दिली नाही.

याचं कारण त्याचा बाप. रोब्ले जुन्या सरकारच्या काळात जिल्हा कोर्टात पुकारा करायचा. पांढरा सदरा, कमरेला पट्टा, आणि आवाज असा की पुकारा झाला की बाजारातले लोकही मागे वळून बघत. घरी तो फार बोलत नसे, पण एक गोष्ट त्याने मुलाला पुन्हा पुन्हा सांगितली होती, की कोर्टात हात वर करून जे बोललो ते घरी येऊन खाली ठेवायचं नसतं. ते कोर्ट तोफांनी पडलं, रोब्ले गेला, पट्टा दाहाबोने पाणी ओढायच्या दोराला बांधला. वाक्य तेवढं एलमीकडे राहिलं.

भावकीचे प्रमुख होते बिहि. ऐंशीला टेकलेले, मेंदीने लाल केलेली दाढी, हातात काठी. ते स्वतः एलमीच्या दारात आले.

"अदेर, पट्टी राहिली तुझी." अदेर म्हणजे काका. आमच्याकडे काका पुतण्याला अदेरच म्हणतो आणि बाप मुलांना आबोच, म्हणजे बाबाच, म्हणतो. हाक मारणाऱ्याचं नातं हाकेत असतं.

"अदेर, मी सही केली आहे."

"बाकीच्यांनी काय अंगठे लावले? त्यांचे पैसे आले."

"त्यांचं त्यांनी बघावं."

बिहिंनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली आणि मग पायाने पुसली. "सही शाईची असते, एलमी. वाळली की संपली. उद्या तुझ्या घरात कुणाचा दात पडला, तर तो मागायला कोण येणार? निळं फाटक?"

"त्यासाठीच तर कोर्ट आहे."

बिहि हसले नाहीत. दाहाबो आतून हसली.

कोर्टाचं तीन वर्षांत दोनदा उद्घाटन झालं आणि खटला एकही चालला नाही. न्यायाधीश राजधानीत राहायचे, कारण बुरधेरला त्यांच्या विम्याची सोय नव्हती. एलमी रोज सात वाजता फाटक उघडायचा, न्यायाधीशांची खुर्ची पुसायचा, साक्षीदाराच्या कठड्यावरची पालींची घाण खरवडायचा. दफ्तराच्या खोलीत पहारेकऱ्याची शेळी बांधलेली असायची. तिथे सावली चांगली होती आणि दफ्तर काही नव्हतं. कोर्टाच्या मागच्या भिंतीपासून चाळीस पावलांवर ती जुनी बाभूळ. गावाचे तंटे तिथेच मिटत होते. मोठी बैठक असली की बिहिंचा माणूस यायचा आणि कोर्टातल्या वीस खुर्च्या मागून न्यायचा. एलमी खुर्च्या मोजून द्यायचा आणि मोजून घ्यायचा. बाभळीखाली स्वतः कधी बसला नाही.

एकदा, कुणी नसताना, त्याने रिकाम्या कोर्टात एक पुकारा करून पाहिला होता. बापाच्या नावाचा. आवाज बरा लागला. शेळी ओरडली.

त्याची मुलगी इदिल वीस वर्षांची. तिची चहाची टपरी निळ्या फाटकाशेजारीच होती, पत्र्याचं छप्पर, दोन बाक, तीन थर्मास. तिचा आलं-वेलचीचा चहा दोन्ही फाटकांतली माणसं प्यायची. निळे आणि पांढरे एकत्र दिसण्याची गावात ती एकमेव जागा होती.

६ ऑक्टोबर २०१९ च्या रविवारी पांढऱ्यांचे कुणी मोठे पाहुणे यायचे होते, म्हणून चौकीतल्या गाड्या घाईघाईने रस्त्यावर रांगेत लावत होते. गेल्ले नावाचा पोलीस चालक चिलखती गाडी मागे घेत होता. गाडी नवी होती, तिच्यातले आरसे कसे वापरायचे याचं शिक्षण पुढच्या महिन्यात होतं. ती टपरीत शिरली. बाक मोडले, थर्मास फुटले आणि इदिलचा डावा पाय गुडघ्याखाली चाकाखाली आला.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने पाय धुतला, बांधला आणि एलमीला बाहेर घेऊन सांगितलं, "हाडाचे तुकडे झालेत, कातडी फाटली आहे. राजधानीत सळ्या घालतात. पंधरा दिवसांच्या आत गेलात तर पाय राहील. विमानासकट दोन हजार सहाशे डॉलर धरा. नाही गेलात तर मला कापावा लागेल, आणि माझ्याकडे भुलीचं औषधही मोजकंच आहे."

एलमीकडे दोनशे दहा डॉलर होते. ज्यांच्याकडे मागायचे ते सगळे भावकीतलेच.

तिसऱ्या दिवशी बिहि आले. दारात चप्पल काढून ते आधी इदिलच्या खाटेपाशी गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग एलमीशेजारी चटईवर बसले.

"गेल्लेच्या भावकीने काल माणूस पाठवला. एक बोकड, दहा किलो साखर. म्हणजे त्यांनी कबूल केलं. नियमाने पायाचे किती उंट होतात ते मी तुझ्या तोंडावर बोलत नाही, पण बारा जनावरांपर्यंत मी ओढेन. त्यातल्या तीन जनावरांची किंमत रोख, या आठवड्यात. पोरगी राजधानीला जाईल."

दाहाबोने पदराने डोळे पुसले आणि चहा आणायला उठली.

"पण अदेर," बिहि म्हणाले, "मी कुणाच्या वतीने बोलायला जाऊ? ते पहिलंच विचारतील, हा तुमच्या पट्टीत आहे का. तुझे सदतीस महिने राहिलेत. एकशे अकरा डॉलर. ते शुक्रवारी सगळ्यांसमोर भर, आणि मोठ्याने सांग की ती सही काही नव्हती. बास. दोन वाक्यं."

एलमीने चटईची सुटलेली काडी आत खोचली.

"पैशांचं अडलं असेल तर मी देतो. वाक्य तुझं तू बोल."

त्याच दुपारी निळ्यांकडून गुलेद आला. गुलेद आमचाच, पण लहानपणी थंड देशात नेलेला आणि तिकडचा पासपोर्ट घेऊन परतलेला. तो नव्याचं बोलणं आमच्या भाषेत आणि आमचं नव्याच्या भाषेत करायचा. अंगात नेहमी सोळा खिशांचं जाकीट, म्हणून त्याचं नाव 'खिसेवाला'. तो खुशीत होता आणि ते त्याला लपवता येत नव्हतं.

"अदेर एलमी, वाईट झालं. फार वाईट. पण ऐका, मी नव्याशी बोललोय. सोळा तारखेला न्यायाधीशांना विमानाने आणतोय. तिसरं उद्घाटन, आणि या वेळी खराखुरा खटला. तुमचा. कोर्टाचा पहिला."

"आणि पैसे?"

"निकाल लागला म्हणजे पैसे आलेच. सरकारी चालक, सरकारी गाडी. कोर्टाचा हुकूम कोण मोडेल?"

"डॉक्टरने पंधरा दिवस सांगितलेत. सोळा म्हणजे दहावा दिवस."

"पाच दिवस हातात राहतात की." गुलेदने एका खिशातून पेन काढलं, दुसऱ्यात ठेवलं. "बाभळीखाली गेलात तर मात्र मला काही करता येणार नाही. ती सही आहे ना तुमची. नोकरीचं मी बोलत नाही, पण नवा बोलेल."

तो गेल्यावर दाहाबो म्हणाली, "बारा उंट एका बाजूला, खिसेवाला दुसऱ्या बाजूला. आणि तू विचार करतोयस."

"तीन वर्षं रोज ती खुर्ची पुसली मी. कुणीच आत गेलं नाही तर ते कोर्ट होणार कधी?"

"माझ्या पोरीच्या पायाने होणार का?"

इदिल खाटेवरून म्हणाली, "आबो, तुम्हाला खात्री आहे?"

"आहे, आबो," तो म्हणाला.

"मग कोर्टात जा. पुकारा तुम्हीच करणार ना?"

ती हसायचा प्रयत्न करत होती. एलमीने पुढे अनेकदा हिशेब लावून पाहिला, की त्या क्षणी ती चिडली असती, रडली असती, तर आपण शुक्रवारी जाऊन ती दोन वाक्यं बोललो असतो का. पण तिने विश्वास ठेवला, आणि तो त्या विश्वासाच्या आड लपला. हे त्याला नंतर कळलं आणि कळल्यावर स्वतःच्या तोंडाची चव बिघडल्यासारखी झाली. ती पुन्हा कधी पुरती सुधारली नाही.

शुक्रवारी तो बाभळीखाली गेला नाही. गेल्लेच्या भावकीने दोन तास वाट पाहिली आणि पाणी पिऊन उठली.

सोळा तारखेच्या आदल्या दिवशी फाटकाला नवा निळा रंग दिला. भिंतींनाही. रंग ओला असतानाच पाहुणे आले; विमानाने न्यायाधीश, नव्यासारखेच दिसणारे चार नवे, एक परकी बाई आणि तीन कॅमेरे. दफ्तरखान्यातून शेळी काढली आणि लेंड्या झाडून तिथे जेवणाची पातेली ठेवली. भात, बोकडाचं मटण, केळी. गुलेदने दाहाबोला साठ पेले चहा करायला सांगितला होता, पेल्याला पाव डॉलर. तिने घरातली शेवटची साखर त्यात घातली. पोरीचं काम आहे, मागेपुढे बघायला नको, म्हणाली.

इदिलला खाटेसकट आणलं. जखमेला वास सुटला होता. ओल्या रंगाचा, मटणाचा आणि त्या पायाचा, असे तीन वास कोर्टात एकत्र झाले आणि परक्या बाईने नाकाशी रुमाल धरला. मग कॅमेरा वळला तसा तिने रुमाल काढला आणि इदिलचा हात हातात घेतला. कॅमेरा सरकल्यावर तिने तो खाटेच्या कडेला ठेवला, एखादं भांडं ठेवावं तसा.

एलमी दारात उभा राहिला. गणवेशाच्या बाह्या त्याने दुमडल्या होत्या. त्याने छाती भरून घेतली आणि आपल्याच मुलीच्या नावाचा पुकारा केला. "इदिल एलमी रोब्ले, हाजिर आहे?" आवाज बापाचा निघाला. बाहेर रस्त्यावरून जाणारी दोन गाढवं आणि त्यांचा मालक थांबले. त्या एका क्षणापुरतं सगळं खरं होतं, हे सांगायलाच हवं.

मग त्याने दुसरा पुकारा केला. "गेल्ले सूगुल्ले, हाजिर आहे?"

कुणी आलं नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. पांढऱ्या फाटकाने समन्सच घेतलं नव्हतं. न्यायाधीशांनी गुलेदकडे पाहिलं, गुलेदने नव्याकडे. नवा कानात काही बोलला. गुलेदने कोर्टाच्या कारकुनाला दंडाला धरून आरोपीच्या कठड्यात उभं केलं.

"फक्त फोटोपुरतं," तो एलमीला हळूच म्हणाला. "रिकामा कठडा बरा दिसत नाही."

कारकुनाने मान खाली घातली. त्याला वाटलं आरोपीने तसं करायचं असतं.

न्यायाधीशांनी निकाल वाचला. तो छापूनच आणलेला होता. नावाच्या जागा रिकाम्या होत्या, त्या पेनाने भरल्या होत्या. सहा हजार चारशे डॉलर, तीस दिवसांत, सरकार आणि चालक दोघांकडून. टाळ्या वाजल्या. कारकुनानेही वाजवल्या. एलमीला निकालाची प्रत दिली. त्याच्या बोटांवर फाटकाचा निळा रंग लागला होता, तो कागदाच्या कडेला उमटला.

जेवायला बसल्यावर त्याने भाताचा घास तोंडात घातला. तो फिरत राहिला, खाली उतरेना. समोर कारकून केळं सोलून भातात कुस्करत होता आणि विचारत होता, "फुरे, माझी शिक्षा किती झाली?" सगळे हसले. एलमी बाहेर गेला आणि रंगवलेल्या भिंतीशी ओकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल घेऊन तो समोर गेला. तीस पावलं. पांढऱ्या फाटकाच्या आतला परका अधिकारी सभ्य होता. त्याने दुभाष्याकडून कागद वाचून घेतला, शिक्का बघितला आणि परत दिला.

दुभाषी म्हणाला, "साहेब म्हणतात वाईट वाटलं. पण हा शिक्का आमच्याकडच्या यादीत नाही. आणि चालक तुमच्या देशाचा पोलीस आहे. तुमच्या देशाच्या अंतर्गत कारभारात आम्ही पडत नाही."

"गाडी तुमची. पगार तुमचा. त्याला गाडी मागे घ्यायला तुम्ही सांगितलंत."

दुभाष्याने हे सांगितलं की नाही, कोण जाणे. अधिकाऱ्याने एलमीशी हात मिळवला आणि जाताना हात मागे सारून रुमालाला पुसला.

एलमी निळ्या फाटकाशी परत आला. नवा न्यायाधीशांच्याच विमानाने गेला होता, पुढचा नवा यायचा होता. गुलेद संगणकावर फोटो लावत होता.

"अंमलबजावणी आमच्या कामात येत नाही, अदेर," तो म्हणाला. "आमचं काम निकालापर्यंत. पुढचं त्यांचं. मी पत्र लिहितो."

"चार दिवस राहिलेत."

"पत्र आजच लिहितो."

"तू म्हणालास, निकाल म्हणजे पैसे."

गुलेदने पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कंटाळा होता. "अदेर, तीस देशांत हे असंच चालतं. हळूहळू होतं. तुमच्यामुळे सुरुवात तरी झाली."

एलमी भर उन्हात कोर्टाला वळसा घालून मागे गेला. बाभळीखाली बिहि आणि गेल्लेच्या भावकीचे दोन म्हातारे बसले होते. तो उभाच राहिला. मग गुडघे टेकून बसला, तीन वर्षांनी पहिल्यांदा.

"एकशे अकरा डॉलर आणलेत," तो म्हणाला. "आणि ती सही काही नव्हती."

बिहिंनी डोळे मिटले. गेल्लेच्या भावकीतला एक म्हातारा दातात काडी घालून बोलला, सौम्यपणे. "आम्ही शुक्रवारी आलो होतो, पुतण्या. तू त्या कोर्टाच्या वहीत गेलास. वहीने सांगितलं, सरकारने आणि गेल्लेने द्यावं. आमच्या भावकीचं नाव वहीत आहे का? दाखव. इथे कुणाला वाचता येतं, त्याने वाचावं."

"नाही आहे."

"मग आमच्याकडून फिटलं. वहीतलं वहीकडून घे."

बिहि दीड तास भांडले. काठी आपटली, आजोबांच्या काळचे दाखले काढले. पण नियम त्यांचाच होता आणि तो त्यांना माहीत होता. तंटा दुसऱ्या दारात नेला की बाभूळ त्यावर बसत नाही. शेवटी ते एलमीकडे वळले आणि थुंकले. त्याच्यावर नाही, शेजारी.

"त्यांचा मला राग नाही," ते म्हणाले. "परक्याने माती आणली, घर बांधलं, त्याला काय, तो जाणार. तू आमचा असून आत जाऊन बसलास. तुझी मला शिसारी येते, अदेर."

तरीही शुक्रवारी त्यांनी भावकीपुढे कापड पसरलं. तीनशे चाळीस डॉलर जमले. तेवढ्यात राजधानी होत नव्हती. भूल, रक्त आणि औषधं होत होती. २४ ऑक्टोबरला गावच्या दवाखान्यात इदिलचा पाय गुडघ्यावर कापला. गेल्ले दवाखान्याच्या दारात येऊन उभा होता, हातात दुधाचा डबा. दाहाबोने डबा घेतला आणि त्याच्या तोंडासमोर दार लावलं.

एलमीने नोकरी सोडली नाही. हे ऐकून गावाबाहेरच्यांना नवल वाटतं. पण घरी खाणारी तोंडं तीन आणि पगार १८४. तो सात वाजता फाटक उघडतो. पुकारा करायची वेळ पुन्हा आलेली नाही. पट्टी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी स्वतः नेऊन देतो, सगळ्यांच्या मागे उभा राहून. बिहि त्याच्याकडे न बघता घेतात.

डिसेंबरात निळ्यांनी फाटकावर मोठा फलक लावला. त्यावर इदिल खाटेवर आणि परक्या बाईने तिचा हात धरलेला. खाली लिहिलेलं, 'न्याय तुमच्या दारी'. फलकावर रस्त्याची धूळ बसते आणि ती रोज पुसणं शिपायाचं काम आहे. पहिल्या दिवशी एलमी फडकं घेऊन शिडीवर चढला. मुलीच्या चेहऱ्यावरून फडकं फिरवताना त्याला ओल्या रंगाचा वास आला. फलक कोरडा होता, रंगही कधीच वाळलेला होता. तरी आला. तो खाली उतरला, फडकं पहारेकऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे माझ्याकडून होणार नाही. दफ्तराच्या खोलीत शेळी परत बांधू देतो तुला, हे तू कर." तेव्हापासून फलक पहारेकरी पुसतो.

इदिलने टपरी बाभळीकडे हलवली. कुबडी बाकाला टेकवून ती बसूनच चहा गाळते. गेल्ले तिथे येतो, लांब उभा राहून पितो आणि पेल्याचे दुप्पट पैसे ठेवतो. ती जास्तीचे परत सरकवते. बापाशी ती पूर्वीसारखीच बोलते, आबो म्हणते, आणि तेच त्याला सोसत नाही. एकदा त्याने तिला विचारलं, "आबो, तुला राग येत नाही?"

"येतो की," ती म्हणाली. "पण तुमच्यावर काढला तर मग त्यांच्यावर काढायला उरणार नाही. पेला उचला, गिऱ्हाईक उभं आहे."

पुढचा नवा आला, त्याच्यानंतरचाही आला. गुलेदची राजधानीत बढती झाली. निकालाची प्रत दाहाबोने पिठाच्या डब्याखाली ठेवली आहे, निळी कड अजून दिसते. सोळा ऑक्टोबरच्या साठ पेले चहाचे पंधरा डॉलर निळ्या फाटकाकडून अजून यायचे आहेत.